कांदा २५ ग्रॅम, गृहपिता १.१४

धान्य ६०० ग्रॅम. डाळ १२०. तेल २५, कांदा २५, मीठ २५. लसूण, आलं, हळद, धणेपूड, सुकी मिरची, चिंच प्रत्येकी ५. साखर ४०, चहापत्ती ५. पालेभाजी १०० किंवा फळभाजी १३०. दूध १५० मिलिलिटर, दही किंवा ताक १००. आठवड्यातून एकदा कोंबडी, ११५ ग्रॅम. नाहीतर चार दिवस अंडी. वय सोळाच्या पुढे असेल तर धान्य ७०० ग्रॅम.

ही यादी कुठल्या आहारतज्ज्ञाची किंवा वसतिगृहाच्या खाणावळीची नाही. गुन्ह्याच्या आरोपाखाली पकडलेल्या, अठरा वर्षांखालच्या मुलाला निरीक्षणगृहात दिवसाला काय मिळावं, हे केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनी असं ठरवून दिलं आहे. (महाराष्ट्राने स्वतःचे नियम २०१८ साली केले, इथली मापं केंद्राच्या नियमांतली आहेत.) बोलताना आपण ‘रिमांड होम’ म्हणतो, बातम्यांत ‘बालसुधारगृह’ छापून येतं आणि कायद्याच्या मराठीत ते ‘निरीक्षणगृह’ असतं. तिथे येणारा मुलगा ‘आरोपी’ नसतो, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतो. शब्द जिभेला जड आहे, पण त्यामागचा हेतू बरा आहे.

वाशीच्या वाचकाला हे ग्रॅम समजावून सांगायला एपीएमसी मार्केट जवळच आहे. ५० मुलांचं गृह धरू. दिवसाला धान्य ३० किलो, म्हणजे महिन्याला ९ क्विंटल. दाणा बाजारातला एक छोटा टेम्पो. डाळ दिवसाला ६ किलो, महिन्याला १८०. दूध साडेसात लिटर, लसूण पाव किलो. कांदा दिवसाला सव्वा किलो, म्हणजे कांदा-बटाटा मार्केटमधली ५० किलोंची एक गोणी बरोबर ४० दिवस पुरवायची.

नियम कोंबडीच्या मसाल्यातही शिरतात. १० किलो कोंबडीला खोबरं १५० ग्रॅम, खसखस १५० ग्रॅम, शेंगदाणा तेल ५०० ग्रॅम आणि गरम मसाला १० ग्रॅम. दहा किलोंना दहा ग्रॅम! वाशीगावातल्या कुठल्याही आगरी-कोळी घरात हे प्रमाण वाचून दाखवलं तर चुलीपाशी हसू फुटेल. पण हा तपशील थट्टेवारी नेण्यासारखा नाही. कुणीतरी कधीतरी बसून, या मुलांच्या रश्शात खसखस असावी असं ठरवलं, त्याचा आकडा काढला आणि तो राजपत्रात छापून घेतला.

यादी पोटाला पुरते का? ढोबळ हिशेब करून पाहू. ७०० ग्रॅम धान्याच्या साधारण २,४०० किलोकॅलरी, डाळीच्या ४००, तेलाच्या सव्वादोनशे, साखरेच्या १६०, दुधाच्या १००. भाजी-ताक मिळवलं की नाश्त्याचे पोहे किंवा शिरा न धरताच ३,४०० च्या आसपास होतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली १६ ते १८ वयाच्या मुलाची गरज ३,३२० किलोकॅलरी धरली आहे. कागदावर तरी मुलगा उपाशी नाही. बाहेर असताना त्यातल्या अनेकांच्या ताटात रोज १२० ग्रॅम डाळ पडत असेल का, याची मला शंका आहे.

आता हा मुलगा कोण? डोळ्यांसमोर चटकन येतो तो फलाटावरचा, पिशवीत सोल्युशन हुंगणारा, आगापिछा नसलेला पोर. आकडे वेगळं सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२३ च्या अहवालात अल्पवयीनांवरची ३१,३६५ प्रकरणं आहेत आणि त्यांत ताब्यात घेतलेली मुलं ४०,०३६. त्यांपैकी ३४,७४८ आईवडिलांबरोबर राहणारी होती. शंभरातली जवळपास ८७. पालकाकडे राहणारी ३,३१६, बेघर १,९७२, म्हणजे शंभरात पाच. ही मुलं घरातून आलेली आहेत. त्यांना घर आहे, आई आहे, रेशन कार्ड आहे, बहुधा शाळेचा दाखलाही आहे. वयाने ३१,६१० जण, म्हणजे शंभरातले ७९, सोळा ते अठराच्या मधले. दहावी नुकती झालेले, किंवा जेमतेम राहिलेले.

महाराष्ट्र या कोष्टकात वरच्या ओळींत असतो. २०२१ साली देशातल्या ३१,१७० प्रकरणांपैकी मध्य प्रदेशात ५,६८४ आणि महाराष्ट्रात ४,५५४ होती, म्हणजे दर सात प्रकरणांत एक आपलं. यावरून आपली मुलं अधिक बिघडली असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. हा नोंदींचा आकडा आहे, वर्तनाचा नव्हे. जिथे पोलीस अधिक नोंदवतात तिथे आकडा फुगतो.

वाशीतला एखादा मुलगा पकडला गेला तर तो जातो कुठे? वाशीहून हार्बरची गाडी पकडली की खाडी ओलांडून पहिलं स्टेशन मानखुर्द. तिथे चिल्ड्रन्स एड सोसायटीची बालगृहं आहेत. ही संस्था १९२७ ची. पण ती बालगृहं काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी. त्याच गाडीत बसून राहिलं तर सँडहर्स्ट रोड येतं आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर डोंगरीचं, म्हणजे उमरखाडीचं निरीक्षणगृह. गाडी बदलावी लागत नाही. पण खाडीच्या मधोमध जिल्ह्याची हद्द आहे. वाशी ठाणे जिल्ह्यात मोडते, म्हणून वाशीच्या मुलाचा रस्ता भिवंडीला वळतो. नवी मुंबई पोलीस आयुक्तालय एक असलं तरी त्याच्या पोटात जिल्हे दोन आहेत. पनवेलकडचा मुलगा रायगड जिल्ह्यातला, तो कर्जतला जातो. एकाच आयुक्तालयाची मुलं दोन दिशांना, आणि सगळ्यात सोपी गाडी तिसऱ्याच दिशेची.

आईच्या बाजूने हा रस्ता मोजून पाहावा. वाशीहून ट्रान्स-हार्बरने सानपाडा, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव करत ठाणे. तिथून बस किंवा वडाप धरून भिवंडी. अंतर पस्तीसेक किलोमीटर, पण भिवंडीच्या वाटेवरची गोदामांची ट्रकगर्दी ज्यांनी पाहिली आहे ते किलोमीटरवर विश्वास ठेवत नाहीत. जाऊन-येऊन पाच तास धरले तर ते फार नाहीत. धुणीभांडी करणाऱ्या किंवा मार्केटात पाट्या उचलणाऱ्या माणसाची एक मुलाकात म्हणजे एक खाडा.

मुलगा आत किती दिवस असतो, याची गणितं कायद्यात जागोजागी पेरलेली आहेत. बाल न्याय अधिनियम २०१५ चा; लागू झाला १५ जानेवारी २०१६ पासून. पकडल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मुलाला बाल न्याय मंडळापुढे उभं करायचं. कोठडीत टाकायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत. मंडळ तिघांचं असतं: एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत निदान एक बाई. परिविक्षा अधिकाऱ्याने १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा: घर कसं, शाळा का सुटली, बाप पितो का, संगत कुणाची. चौकशी ४ महिन्यांत संपवायची, फार तर आणखी २ महिने. गुन्हा किरकोळ असेल, म्हणजे कमाल शिक्षा ३ वर्षांपर्यंतचीच असेल, आणि तेवढ्यात चौकशी पुरी झाली नाही, तर प्रकरण तिथेच बंद.

जामीन हा इथे नियम आहे, नाकारणं हा अपवाद. तरी कलम १२ मध्ये एक आकडा आहे जो मला सगळ्यांत बोलका वाटतो: ७ दिवस. जामीन मंजूर होऊनही त्याच्या अटी सात दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अटी सैल करायच्या. कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की आदेश हातात पडतो आणि तरी मुलगा आतच राहतो, कारण हमीला माणूस नसतो, नाहीतर पैसा नसतो.

याच्या उलट टोकाचं उदाहरण २०२४ साली पुण्यात साऱ्या देशाने पाहिलं. १९ मे रोजी पहाटे महागड्या मोटारीने दोघांचा जीव घेतला. चालवणारा सतरा वर्षांचा. त्याच दिवशी जामीन झाला, अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध. संतापाची लाट उठली तसा २२ मे रोजी मुलगा निरीक्षणगृहात गेला आणि २५ जूनला, तिथे पाठवण्याचा आदेश बेकायदा होता असं म्हणत, उच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं. त्या महिनाभरात ‘३००’ या आकड्याची जितकी चर्चा झाली तिच्या शंभराव्या हिश्शानेही त्या वेळी त्याच राज्यात निरीक्षणगृहांत असलेल्या, वकील नसलेल्या मुलांचे दिवस कुणी मोजले नाहीत. निबंध हास्यास्पद होता, हे खरंच. पण समाजाचा राग नेमका कुणाच्या जामिनावर निघतो, तेही बघण्यासारखं आहे.

मुदतीची मर्यादा पाळली जाते का? इंडिया जस्टिस रिपोर्टच्या अभ्यासात ३१ ऑक्टोबर २०२३ ची स्थिती दिली आहे. देशातल्या ३६२ मंडळांपुढच्या प्रकरणांपैकी ५५ टक्के तुंबलेली होती. म्हणजे चार महिन्यांचा कायदा आणि निम्म्याहून अधिक कागद ताटकळलेले.

चार महिने हा आकडा मराठी वाचकाला आणखी एका जागेवरून ओळखीचा आहे. १७ जुलै १८८२ रोजी कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांचीच शिक्षा झाली होती. ती त्यांनी काढली डोंगरीच्या तुरुंगात, आणि आगरकरांनी बाहेर येऊन लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच दिवसांचा हिशेब आहे: ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’. १८०४ साली बांधलेला तो तुरुंग म्हणजेच आजचं उमरखाडीचं निरीक्षणगृह. त्या दोघांना पहिल्या दिवसापासून शेवटची तारीख माहीत होती, आणि ती अलीकडे सरकली. आतल्या मुलाला आपली तारीख माहीत नसते. त्याला माहीत असते ती फक्त पुढची तारीख.

आता जागेचं माप. २५ मुलांमागे १,००० चौरस फुटांची झोपायची खोली, म्हणजे एका मुलाला ४० चौरस फूट. आजारी पडला की खोलीत त्याच्या वाट्याला ७५. कार्यशाळेतही प्रत्येकी ७५. ग्रंथालय ५०० चौरस फूट आणि करमणुकीची खोली ३००. पुस्तकं दूरदर्शनपेक्षा मोठी धरणारं सरकारी कागदपत्र हे दुर्मीळच. ७ मुलांमागे १ संडास, १० मुलांमागे १ न्हाणीघर. दहाजणांना सहा-सहा मिनिटं दिली तरी अंघोळींना एक तास. म्हणून अशा गृहांचं वेळापत्रक पहाटेच सुरू होतं. त्यात शिस्तीपेक्षा नळांच्या संख्येचा हात मोठा. पुढे योगासनं किंवा कवायत, नाश्ता, वर्ग, जेवण, हातकाम, खेळ, समुपदेशन, प्रार्थना, जेवण, झोप. हे वेळापत्रक मुलांना दिसेल असं भिंतीवर लावायचं, असाही नियम आहे. महिन्यातून एकदा प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी.

इथवर सगळं मोजलेलं आहे आणि बरंचसं उदार मनाने मोजलेलं आहे. गाडं अडतं ते माणसांपाशी.

१०० मुलांसाठी सुचवलेला कर्मचारीवर्ग असा: अधीक्षक १, परिविक्षा अधिकारी ३, समुपदेशक २, गृहपिता किंवा गृहमाता ४, स्वयंपाकी २. गृहपिता म्हणजे मुलांच्या बरोबर असणारा माणूस. उठवणारा, भांडण सोडवणारा, रात्री कुणी रडतंय का ते ऐकणारा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस कायद्याने आठवड्याला ४८ तास काम करील. चौघांचे मिळून १९२. भागाकार १.१४. अर्थात सगळी पदं भरलेली, कुणी रजेवर नाही, कुणाला न्यायालयात पाठवलेलं नाही, असं धरूनही कुठल्याही घटकेला शंभर मुलांमागे जागा माणूस सव्वासुद्धा नाही. कांद्याच्या बाबतीत कुणी मुलामागे अर्धा ग्रॅम लिहिला असता तर छपाईची चूक म्हणून दुरुस्त केला असता. हा आकडा कुणाला चुकीचा वाटत नाही, कारण तो असा भागाकार करून कुठे छापलेलाच नाही. छापलेला आहे तो ४.

समुपदेशकाचंही तेच. दोघांत शंभर, म्हणजे एकाच्या वाट्याला पन्नास. रोज पाच तास निव्वळ बोलण्यात जातात असं समजा (अहवाल, नोंदवह्या, मंडळापुढची हजेरी हे सगळं उरलेल्या वेळात), आठवड्याचे सहा दिवस. तीस तास भागिले पन्नास: एका मुलाला आठवड्यात ३६ मिनिटं. चार महिन्यांचे सतरा आठवडे धरले तर १० तास आणि वर थोडी मिनिटं. त्याच चार महिन्यांत तोच मुलगा ७२ किलो धान्य आणि ३ किलो कांदा खातो. त्याची आई दर आठवड्याला भिवंडीला आली, तर तिचे प्रवासात ८५ तास जातात.

निरीक्षणगृहांतून मुलं पळाल्याच्या, आत मारामारी झाल्याच्या बातम्या आल्या की चर्चा भिंतीच्या उंचीवर आणि सीसीटीव्हीवर जाते. भिंत एकदा बांधली की रजा मागत नाही, म्हणून ती सरकारला परवडते. पण पळणं आणि मारामारी या रात्रीच्या गोष्टी आहेत, आणि रात्रीचा आकडा १.१४ आहे. मोठी मुलं लहानांवर दादागिरी करतात तीही त्या पोकळीतच. जिथे मोठा माणूस नसतो तिथे सोळा-सतरा वर्षांचा कुणीतरी मोठा होऊन बसतो.

पैशाचं माप थोडक्यात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत संस्थेतल्या मुलाच्या निर्वाहासाठी महिन्याला ३,००० रुपये, म्हणजे दिवसाला १००. त्यात जेवण, कपडे, साबण-तेल, औषधं सगळं आलं. सगळे शंभर नुसत्या खाण्यावर घातले तरी दिवसाच्या चार वेळांना प्रत्येकी २५. वाशी स्टेशनबाहेर तेवढ्यात वडापाव येतो. वर कटिंग घ्यायचा तर खिसा पुन्हा चाचपावा लागतो. वरची ग्रॅमची यादी घेऊन कुणी एपीएमसीत घाऊक भावाने खरेदीला निघालं तर कदाचित जमवूनही आणील, पण साबण आणि खोकल्याचं औषध त्याच पैशांतून काढायचं आहे. याच योजनेत मुलाला संस्थेऐवजी कुटुंबात ठेवण्यासाठीची मदत ४,००० रुपये आहे. मूल घरी राहावं म्हणून सरकार हजार रुपये जास्त मोजतं, ही मला यातली सर्वांत शहाणी तरतूद वाटते. अडचण इतकीच की ती मागायला कुठे जायचं हे त्या घरांना सहसा ठाऊक नसतं.

आणि हे सगळं तपासायचं कुणी? मंडळाने महिन्यातून एकदा गृहाला भेट द्यायची असते. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या त्याच अभ्यासात १६६ संस्थांचा हिशेब आहे: वर्षाच्या १,९९२ भेटी व्हायला हव्या होत्या, झाल्या ८१०. दर पाच महिन्यांत दोन. उरलेल्या तीन महिन्यांत पोह्यांत शेंगदाणे होते की नव्हते, हे ज्यांनी ते पोहे खाल्ले तेच सांगू शकतात.

त्यांना मात्र इथे आणता येत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही छापणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या लेखात ग्रॅम आहेत, फूट आहेत, तास आहेत आणि एकाही मुलाचा चेहरा नाही, ते त्यामुळेच. तोच कायदा पुढे असंही सांगतो की मंडळापुढे दोषी ठरल्याचा डाग नोकरीच्या किंवा निवडणुकीच्या अर्जावर चिकटू द्यायचा नाही. अपिलाची मुदत सरेपर्यंत किंवा सात वर्षं कागद जपायचे आणि मग नष्ट करायचे. निर्घृण गुन्ह्यात सोळाच्या पुढच्या ज्या मुलावर सत्र न्यायालयात प्रौढासारखा खटला चालतो, तो याला अपवाद. बाकीच्यांच्या बाबतीत सतराव्या वर्षी उघडलेली फाइल पंचविशीच्या आत कधीतरी फाडली जाते. तोवर तो मुलगा कुठल्या गोदामात कामाला असतो, कुठल्या रिक्षाच्या हप्त्यात अडकलेला असतो, की पुन्हा तारखा मोजत असतो, याचं कोष्टक राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या त्या जाडजूड अहवालात नाही.